साथ बघायला पाठवलेल्या डॉक्टरनं सरकारला लोकशाहीचं प्रिस्क्रिप्शन लिहून दिलं

एमबीबीएस करणारी एखादी मैत्रीण असेल तर तिला रुडॉल्फ फिर्खो कोण, असं विचारून बघा. कदाचित चटकन कळणार नाही, कारण आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत या जर्मन नावाचा उच्चार व्हर्चो असा होतो. पण स्पेलिंग दाखवलंत की ती धडाधड सांगायला लागेल. रक्तवाहिनीत गुठळी का होते, याची तीन कारणं म्हणजे व्हर्चोज ट्रायड. गळ्याजवळच्या हाडाच्या वर डाव्या बाजूला सुजलेली गाठ, जी पोटातल्या कॅन्सरची खूण असू शकते, ती व्हर्चोज नोड. ल्युकेमिया हे नावसुद्धा त्याचंच.

हे सगळं परीक्षेत येतं. जे सहसा येत नाही ते म्हणजे १८४८ च्या फेब्रुवारी-मार्चमधले जेमतेम तीन आठवडे. या तीन आठवड्यांत २६ वर्षांच्या या डॉक्टरनं असा एक अहवाल तयार केला की त्याच्या सरकारला तो कुठे ठेवावा हेच कळेना. तुम्ही किती जगणार हे तुमच्या शरीराइतकंच तुमच्या पत्त्यावरही ठरतं, ही गोष्ट आज आपण नकाशे आणि आकडेवारी घेऊन सांगतो. फिर्खोनं ती चिखलातून फिरून, झोपड्यांमध्ये शिरून आणि प्रेतं उघडून सांगितली होती.

फुकट शिक्षणासाठी सैन्याचं कॉलेज

फिर्खोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. गाव शिफेलबाइन, त्या वेळच्या प्रशिया राज्यातल्या पोमेरेनिया प्रांतात. हे गाव आता पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव श्विद्विन. वडील शेती करायचे आणि गावच्या नगरपालिकेचा हिशोब सांभाळायचे. एकुलता एक मुलगा, प्रचंड हुशार, पण घरात पैसा बेताचाच. १८३९ मध्ये बर्लिनमधल्या सैनिकी वैद्यकीय संस्थेत त्याला जागा मिळाली. ऐपत नसलेल्या हुशार मुलांना तिथे डॉक्टर करायचे आणि बदल्यात पुढे सैन्यात नोकरी करून घ्यायचे.

१८४३ मध्ये तो डॉक्टर झाला आणि बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये लागला. काम होतं शवविच्छेदनाचं. १८४५ मध्ये त्यानं एका रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा असा पूर पाहिला की हा वेगळाच आजार आहे हे त्याच्या लक्षात आलं. ल्युकेमिया हे नाव त्यानं दिलं ते १८४७ मध्ये. त्याच वर्षी एका सहकाऱ्याबरोबर त्यानं स्वतःचं वैद्यकीय नियतकालिक काढलं. ते आजही निघतं आणि त्याच्याच नावानं निघतं.

म्हणजे १८४८ उजाडलं तेव्हा हा माणूस प्रयोगशाळेतला उगवता तारा होता. सरकारनं त्याला पाठवलं तेही तसाच विचार करून: सूक्ष्मदर्शक चालवता येणारा तरुण डॉक्टर आहे, जाईल, बघेल, आजाराचं वर्णन लिहून आणेल.

अप्पर सायलेशियात काय चाललं होतं?

अप्पर सायलेशिया म्हणजे प्रशियाचा आग्नेय कोपरा. १७४० च्या दशकात प्रशियानं हा भाग ऑस्ट्रियाकडून जिंकून घेतला होता. जमिनीखाली कोळसा, जस्त, लोखंड. जमिनीच्या वर पोलिश बोलणारे गरीब शेतकरी. मोठ्या जमिनी मोजक्या सरदार घराण्यांच्या, आणि त्यातले बरेच जमीनदार राहायचे ब्रेसलाऊ, बर्लिन नाहीतर व्हिएन्नामध्ये. इथून निघालेला पैसा तिकडे खर्च व्हायचा. कचेरीची भाषा जर्मन, अधिकारी जर्मन.

लोकांचं मुख्य अन्न बटाटा. १८४५ पासून युरोपभर बटाट्यावर रोग पडत होता. आयर्लंडच्या दुष्काळाबद्दल तुम्ही वाचलं असेल, हा तोच रोग. सायलेशियात ओळीनं तीन वर्षं पीक बुडालं. त्यात १८४७ च्या उन्हाळ्यात अतिवृष्टी झाली आणि पूर आले. लोक गवत, कंदमुळं, जे मिळेल ते खाऊ लागले. आधी हगवण आली, मग हिवताप, मग टायफस.

इथे एक खुलासा. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. नावं सारखी असल्यानं घोळ होतो. टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून होतो. टायफस पसरतो कपड्यांत राहणाऱ्या उवांमुळे. भयंकर ताप, अंगावर पुरळ, भ्रम आणि अनेकदा मृत्यू. थंडी, उपासमार, अंगावर एकच कपडा आणि एका खोलीत दाटीवाटीनं झोपलेली माणसं असली की टायफसला आणखी काही लागत नाही. अर्थात उवांचा संबंध १८४८ मध्ये कुणालाच माहीत नव्हता, फिर्खोलाही नाही.

सरकारनं सुरुवातीला काय केलं? सरकारं जे करतात तेच. बातम्या अतिरंजित आहेत, परिस्थिती नियंत्रणात आहे, असा सूर लावला. पण वर्तमानपत्रांमधून उपासमारीची वर्णनं येत राहिली, खासगी मदत समित्या उभ्या राहिल्या आणि गप्प बसणं अवघड झालं. मग बारेझ नावाच्या एका ज्येष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याला पाठवायचं ठरलं आणि सोबत मदतनीस म्हणून फिर्खोला. २० फेब्रुवारी १८४८ ला दोघं बर्लिनहून निघाले.

झोपडीत काय दिसलं

फिर्खो रिब्निक, प्लेस, सोहराऊ या भागांतल्या गावांमधून फिरला. त्यानं शवविच्छेदनं केली, तापाचे तक्ते लिहिले, त्वचेवरचे डाग तपासले. हे सगळं त्याच्या अहवालात आहे आणि बारकाईनं आहे. पण अहवालाची सुरुवात आजारापासून होत नाही. ती होते जमिनीपासून. इथली माती कशी, पाणी कुठे साचतं, हवा कशी. मग घरं: लाकडी ओंडक्यांची, फटी मातीनं बुजवलेली, गवतानं शाकारलेली. बहुतेकदा एकच राहती खोली, तिचा बराच भाग मोठ्या भट्टीनं अडवलेला. त्याच खोलीत कुटुंब, हिवाळ्यात जनावरंही. खिडक्या उघडण्याचा प्रश्नच नाही, कारण सरपण महाग. मग जेवण, मग शाळा, मग भाषा, मग जमिनीची मालकी, मग चर्च, मग सरकारी कचेरी. आजाराची पाळी येते ती यानंतर.

हा क्रमच मला या अहवालातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो. डॉक्टर पेशंटला केस पेपरवर वय, वजन, सवयी विचारतात. फिर्खोनं एका अख्ख्या प्रदेशाचा केस पेपर काढला.

आकडे तर अंगावर येतात. त्याच्या अहवालानुसार प्लेस जिल्ह्यात १८४७ या एका वर्षात सुमारे १० टक्के लोक मेले. दर दहा माणसांमागे एक. यातले थोडे थेट भुकेनं आणि बरेचसे भूक आणि साथ यांच्या मिश्रणानं. रिब्निक जिल्ह्यात आठ महिन्यांत १४ टक्क्यांहून जास्त लोकांना टायफस झाला आणि त्यातला पाचवा हिस्सा दगावला. जिल्ह्यातल्या एक तृतीयांश लोकांना सहा महिने सरकारनं पोसावं लागेल, हे प्रशासनानंच मान्य केलं होतं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून लोकसंख्येच्या ३ टक्के तर अनाथ मुलंच होती.

आता मुद्दा असा की टायफस काही फक्त सायलेशियात नव्हता. युरोपात तो अधूनमधून येतच असे. मग इथेच तो इतका का माजला? त्या काळात नेहमीचं उत्तर ठरलेलं होतं: हवा खराब. दुसरं नेहमीचं उत्तर: लोकच घाणेरडे, आळशी, दारुडे. फिर्खो स्वतः हवेच्या सिद्धांताचाच होता. दमट हवामानातून काहीतरी विषारी तयार होतं असं त्यालाही वाटायचं. पण एवढ्यावर तो थांबला नाही. हवा आणि पाऊस श्रीमंत जमीनदाराच्या डोक्यावरही तोच असतो. साथ मात्र सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त त्यांनाच गाठत होती, ज्यांच्या घरात दाणा नव्हता.

त्यानं धागा उलटा पकडत नेला. माणूस अशक्त का, तर फक्त बटाट्यावर जगतो म्हणून. फक्त बटाट्यावर का, तर जमीन त्याची नाही आणि शेतीची नवी पद्धत त्याला कुणी शिकवलेली नाही. शिकवली का नाही, तर शाळा नावापुरती आणि तीही परक्या भाषेत. तक्रार का करत नाही, तर कचेरीतल्या साहेबाची भाषा त्याला येत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारी केलेल्या माणसाला आपलं कुणी ऐकेल असं वाटतच नाही. डॉक्टर का नाही, तर डॉक्टरचं पोट भरेल एवढा पैसाच या भागात नाही. आणि जो डॉक्टर येतो त्याला पोलिश येत नाही.

याला आज संशोधक एरिया डेप्रिव्हेशन म्हणतात, म्हणजे एखाद्या भागाचं मागासलेपण. एकेका माणसाची गरिबी मोजणं वेगळं आणि तो राहतो त्या भागाची अवस्था मोजणं वेगळं. एखाद्याच्या खिशात चार पैसे असले तरी गावात रस्ता नसेल, डॉक्टर नसेल, शाळा नसेल, शेजारच्या घरात साथ असेल, तर त्या पैशांचा उपयोग मर्यादित. सायलेशियात तर साथीत काम करणारे डॉक्टर आणि धर्मगुरूही आजारी पडले, काही मेले.

हा विचार करणारा फिर्खो पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. पॅरिसमध्ये लुई-रेने व्हिलेर्मे या डॉक्टरनं १८२० च्या दशकात शहराच्या विभागांचे मृत्युदर शेजारी शेजारी ठेवले होते. सीन नदीपासूनचं अंतर, उंची, वारा, कशाशीच ते जुळेनात. जुळले ते कर माफ असलेल्या गरिबांच्या घरांच्या प्रमाणाशी. व्हिलेर्मेनं दुखणं दाखवलं. त्यावर राजकीय औषध लिहून द्यायला तो कचरला. फिर्खो कचरला नाही.

औषधांची यादी

तातडीचा उपाय त्यानं सांगितलाच: अन्न द्या, डॉक्टर द्या, स्थानिक लोक आणि तज्ज्ञ यांच्या मदत समित्या नेमा. पण खरी यादी पुढे होती. संपूर्ण लोकशाही आणि स्थानिक स्वराज्य. मुलं आणि मुली दोघांनाही शिक्षण. पोलिश भाषेला सरकारी व्यवहारात मान्यता. चर्च आणि सरकार वेगळं. कराचा बोजा गरिबांवरून काढून श्रीमंतांवर. रस्ते बांधा. शेती सुधारा, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था काढा.

टायफसवरच्या सरकारी अहवालात हे लिहिलं होतं. १८४८ साली. राजाच्या राज्यात.

त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की साथी दोन प्रकारच्या असतात. काही निसर्गातून येतात. काही समाज स्वतः तयार करतो, आणि त्या त्याच थरात पसरतात ज्याला समाजानं मागे ठेवलेलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या साथीवर औषधाच्या बाटलीनं उपाय होत नाही, कायद्यानं होतो. राजकारण ही मोठ्या प्रमाणावर केलेली वैद्यकीच आहे, हा त्याचा गाजलेला विचार याच वर्षातला.

अहवाल थोर आहे, पण त्याला सोवळ्यात ठेवायचं कारण नाही. पोलिश शेतकऱ्यांबद्दल लिहिताना फिर्खोची भाषा अनेकदा तुच्छतेची होते. त्यांची अस्वच्छता, आळस, लाचारी यावर तो असं लिहितो की आज वाचताना अवघडायला होतं. दोष लोकांच्या रक्तात नाही, शेकडो वर्षांच्या गुलामगिरीत आहे, असं तो पुढे म्हणतो खरा. पण बर्लिनहून आलेल्या शिकलेल्या माणसाची नजर लपत नाही. चर्चवरचा त्याचा रागही बेताबाहेरचा होता, तोही तिथल्या पाद्रींनी लोकांना दारू सोडायला लावली होती हे माहीत असताना.

पिस्तूल घेऊन बॅरिकेडवर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फिर्खो बर्लिनला परतला. युरोपभर क्रांतीचं वारं होतं, पॅरिसमध्ये राजाला पळवून लावलेलं. १८ मार्चला बर्लिनच्या रस्त्यांवर लोक आणि सैन्य समोरासमोर आले. सैन्याच्या पैशांवर शिकलेला हा डॉक्टर एक जुनं पिस्तूल घेऊन लोकांच्या बाजूनं बॅरिकेडवर उभा राहिला. पिस्तुलाचा फारसा उपयोग होण्यासारखा नव्हता, पण उभा राहिला.

जुलैमध्ये त्यानं आणि त्याच्या एका डॉक्टर मित्रानं वैद्यकीय सुधारणेवर एक साप्ताहिक काढलं. आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क आहे, गरिबांना मोफत उपचार हवेत, डॉक्टर हा गरिबांचा वकील आहे, असे लेख त्यात येत. क्रांती फसली. १८४९ च्या मार्चमध्ये सरकारनं फिर्खोला नोकरीवरून काढलं. ओरड झाल्यावर परत घेतलं, पण सवलती कापून. जूनमध्ये साप्ताहिकही बंद पडलं.

मग बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठानं त्याला प्राध्यापकी देऊ केली. अट अशी की राजकारण करायचं नाही. लग्न ठरत आलेलं, हातात धड नोकरी नाही. त्यानं अट मान्य केली.

पण सवय जात नाही. १८५२ मध्ये व्युर्त्सबुर्गजवळच्या श्पेसार्ट या डोंगराळ जंगली भागात दुष्काळ पडला आणि बव्हेरिया सरकारनं त्यालाच पाहणीला पाठवलं. इथे भाषेचा प्रश्न नव्हता, लोक जर्मनच. म्हणजे मागासलेपणाचा दोष पोलिश असण्यावर ढकलायची सोय नव्हती. फिर्खोला तिथेही तेच दिसलं: नापीक जमीन, कोंदट घरं, बटाटा, रस्त्यांचा अभाव, अपुरं शिक्षण. अहवालाचा आवाज या वेळी खाली होता, क्रांती हा शब्द नव्हता. निष्कर्ष मात्र जवळपास तेच राहिले.

पेशी, आणि गटारं

व्युर्त्सबुर्गच्या सात वर्षांत त्याचं शास्त्रीय काम बहरलं. १८५६ मध्ये बर्लिननं त्याला सन्मानानं परत बोलावलं, नवी संस्था बांधून दिली. १८५८ मध्ये पेशींवरच्या व्याख्यानांचं पुस्तक आलं. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते आणि आजार म्हणजे पेशींमधला बिघाड, ही आजच्या पॅथॉलॉजीची पायाभरणी. यातला पेशी विभागण्याचा मुद्दा त्याच्याआधी रोबर्ट रेमाक या ज्यू शास्त्रज्ञानं मांडला होता. त्याचं श्रेय फिर्खोनं नीट दिलं नाही. रेमाकचं नाव आज किती जणांना माहीत आहे बघा.

१८५९ मध्ये फिर्खो बर्लिनच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि मरेपर्यंत, म्हणजे ४३ वर्षं, नगरसेवक राहिला. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आणि शहरातल्या गटारांवर वाद घालणारा नगरसेवक, दोन्ही एकच माणूस.

बर्लिन तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. कारखान्यांत कामाला आलेली माणसं चाळींसारख्या उंच इमारतींमध्ये कोंबलेली, मागच्या चौकात उजेड नाही. सांडपाणी रस्त्याकडेच्या उघड्या नाल्यांतून वाहायचं. दर तीन-चार बाळांमागे एक वर्षाच्या आत मरायचं. फिर्खोच्या देखरेखीखाली मृत्यूंची, जमिनीखालच्या पाण्याची, घरांची आकडेवारी अनेक वर्षं गोळा झाली. मैला गाड्यांनी वाहून न्यायचा की भुयारी गटारं बांधायची, यावर घमासान वाद झाला. फिर्खोनं गटारांच्या बाजूनं कौल दिला. अभियंता जेम्स होब्रेख्टच्या आराखड्यानुसार १८७३ मध्ये काम सुरू झालं. शहराचे १२ भाग, प्रत्येकाचं पंपिंग स्टेशन, आणि सांडपाणी नदीत न सोडता शहराबाहेरच्या शेतांवर.

नवी सार्वजनिक हॉस्पिटलं, परिचारिकांचं शिक्षण, मुलांसाठी मैदानं, मांसाची सक्तीची तपासणी, या सगळ्यात त्याचा हात होता. डुकराच्या मांसातून माणसात जाणाऱ्या जंतावर त्यानं स्वतः संशोधन केलं होतं, त्यामुळे खाटीकखान्याच्या वादात तो बोलायला उभा राहिला की समोरच्याची पंचाईत व्हायची.

प्रशियाच्या विधानसभेतही तो होता. उदारमतवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. सैन्यावरच्या खर्चावरून त्याची थेट बिस्मार्कशी जुंपली आणि १८६५ मध्ये बिस्मार्कनं त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. फिर्खोनं ते नाकारलं. त्यानं हत्यार म्हणून जंतू भरलेलं सॉसेज निवडलं, ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट बहुधा रचलेली आहे. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

याच विधानसभेतल्या त्याच्या कारकिर्दीतली एक गाठ मात्र सुटत नाही. १८७० च्या दशकात बिस्मार्कनं कॅथलिक चर्चविरुद्ध मोहीम उघडली. तिला कुल्टुरकाम्फ, म्हणजे संस्कृतीचा लढा, हे नाव रूढ केलं ते फिर्खोनं, आणि चर्चची ताकद कमी करायला त्याचा पाठिंबा होता. याच काळात अप्पर सायलेशियाच्या प्राथमिक शाळांमधून पोलिश हटवून जर्मन आणली गेली. १८४८ च्या अहवालातलं भाषेचं औषध देणं तर दूरच, सरकारनं होती तेवढी मात्राही काढून घेतली. शहराला गटारं मिळाली. रिब्निकला स्वराज्य मिळालं नाही.

जंतू की गरिबी?

१८८२ मध्ये रोबर्ट कोखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. तरुण डॉक्टर भारावले. फिर्खो फारसा भारावला नाही. जंतूंवर सगळं ढकललं की घरं, अन्न, पगार यांचा प्रश्न बाजूला पडेल, ही त्याची भीती अगदीच चुकीची नव्हती. पण जंतूंचं महत्त्व ओळखण्यात तो मागे राहिला हेही खरं. बाळंतपणात डॉक्टरांच्या हातांमुळे बायका मरतात, हे सांगणाऱ्या झेमेलवाइसलाही त्यानं वेळेवर साथ दिली नाही. आणि निअँडरथल माणसाची कवटी ही आजारी माणसाची कवटी आहे, असंही त्यानं ठणकावून सांगितलं होतं. हुशार माणसांच्या चुकाही ठसठशीत असतात.

दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं, हे १८९२ मध्ये हाम्बुर्गला दिसलं. कॉलरानं तिथे काही आठवड्यांत ८,००० हून जास्त माणसं गेली. जंतू होता तो कोखनं ओळखलेलाच. पण हाम्बुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता घराघरात देत होतं. अगदी चिकटून असलेल्या आल्टोना गावात पाणी वाळूतून गाळलं जायचं, तिथे साथ खूपच कमी. नदी तीच, जंतू तोच, हद्द ओलांडली की मृत्युदर वेगळा.

जानेवारी १९०२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, फिर्खोनं बर्लिनमध्ये चालत्या ट्रामधून उडी मारली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. त्यातून तो पुरता सावरला नाही. ५ सप्टेंबर १९०२ ला तो गेला. बर्लिन शहरानं त्याला सन्मानानं निरोप दिला.

सात वर्षांनी, १९०९ मध्ये, शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरनं ट्युनिसमध्ये दाखवून दिलं की टायफस उवांमुळे पसरतो. हॉस्पिटलच्या दारात रुग्णांचे कपडे काढून त्यांना आंघोळ घातली की आतमध्ये साथ थांबते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणजे फिर्खोचं कारण चुकलं होतं. पण एकच कपडा, एकच खोली, सरपण नाही, अंगात ताकद नाही, ही जी यादी त्यानं केली होती, उवांना पोसणारी यादीही नेमकी तीच.

जर्मनीत आज प्रत्येक जिल्ह्याचं मागासलेपण मोजणारा एक निर्देशांक आहे. शिक्षण, रोजगार आणि उत्पन्न या तीन गोष्टींवरून तो काढतात आणि मग कुठल्या भागातले लोक किती जगतात, कुणाला काय आजार होतात, हे त्याच्याशी ताडून बघतात. वरच्या आणि खालच्या भागांमध्ये आयुर्मानाचा फरक काही वर्षांचा निघतो. हा निर्देशांक तयार करणाऱ्या संस्थेचं नाव आहे रोबर्ट कोख इन्स्टिट्यूट.

आणि रिब्निक? ते आता पोलंडमध्ये आहे, कचेरीची भाषा पोलिश आहे, टायफस केव्हाच गेला. पण आसपासच्या घरांमध्ये हिवाळ्यात अजूनही स्वस्तातला कोळसा जळतो, कारण बंब बदलायला पैसे लागतात. २०१७ च्या जानेवारीत तिथली हवा इतकी बिघडली की शाळा बंद ठेवाव्या लागल्या.